खुडूक कोंबडीच्या टोपलीत बाकीच्याही अंडी घालतायत, काय करू?

नमस्कार. चिपळूणजवळ आमचं घर आहे. मागे परसात सात गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्या सासूबाईंच्या. कोणती खुडूक झाली, तिच्याखाली किती अंडी ठेवायची, हे सगळं त्याच बघायच्या. मी फक्त दाणे टाकायचे. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या, त्यामुळे यंदा पहिल्यांदाच हे माझ्यावर आलंय.

तांबडी कोंबडी खुडूक बसली तेव्हा मी तिच्याखाली नऊ अंडी ठेवली. हात घातला की पिसं फुगवून खुर्र करते, मनगटावर चोच मारते. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडलीय, ती हाताला ताप आल्यासारखी गरम लागते. दिवसातून एकदाच उठते, भलीमोठी घाण वासाची शीट टाकते, दाणे टिपते, धुळीत लोळते आणि परत जाऊन बसते.

आज आठवा दिवस. खुराड्यात दुसरी टोपली रिकामी असूनही बाकीच्या हिच्याच टोपलीत शिरतात. पांढरी तर ही बसलेली असताना अंगावर चढून अंडं घालते. अंड्यांवर खूण केली नाही, ही माझीच चूक. आज मोजली तर चौदा भरली, शिवाय पेंढ्यात एक फुटलेलं सापडलं. जुनी कुठली, ताजी कुठली, काही कळत नाही. काल तर तांबडी चुकून रिकाम्या टोपलीत जाऊन बसली होती आणि इकडे अंडी गार पडलेली. तिचा तुराही फिकट दिसतोय, उचलली तर हलकी लागते.

शेजारच्या काकू म्हणतात, अंडी काढून घे आणि तिला दोन-तीनदा पाण्यात बुडव, खुडूकपणा उतरेल. नाकात पीस खुपसायचं असतं असंही सांगितलं. मला ते करवणार नाही. तांबडी सासूबाईंनी वाढवलेल्या शेवटच्या पिल्लांतली आहे. तिला बसू द्यावं का? दुसरीकडे हलवली तर अंडी टाकून देईल का? अनुभव असलेल्यांनी कृपया लवकर सांगा.

प्रतिसाद

ताई, तिला उठवू नका. आधी आज रात्री अंडी बघून घ्या. जाड पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडा, खालून मोबाइलचा टॉर्च लावा आणि अंडं भोकावर धरा. आठव्या दिवशी जिवंत अंड्यात काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या बारीक लाल शिरा दिसतात. नुसतं लाल कडं दिसलं तर ते मेलेलं. ताजं अंडं अगदी स्वच्छ दिसतं. शिरा असतील त्यांवर पेन्सिलीने फुली करा, बाकीची सगळी काढा. जीव तुटेल, पण काढाच. २१व्या दिवसाच्या आसपास पहिली पिल्लं निघाली की एक-दोन दिवसांत ती त्यांना घेऊन उठते, मागून घातलेली अंडी तशीच अर्धवट राहतात. काढलेली खाऊ नका, किती दिवस उबेत होती कळत नाही.

चौदा अंडी तशीही गावठीच्या पोटाखाली नीट मावत नाहीत. ती अंडी सारखी फिरवत असते, म्हणजे आज हे कडेला येऊन गारठतं, उद्या ते. एक-दोनच नाही, सगळीच बिघडतात.

हलवायची तर रात्रीच, अंधारात. टोपलीसकट पडवीत आणा आणि वर डालगं झाकून ठेवा. दिवसा मोकळी सोडली तर जुन्या जागी जाऊन बसेल, म्हणून रोज सकाळी तुमच्या नजरेसमोर वीस-पंचवीस मिनिटं सोडा, मका-तांदूळ आणि पाणी द्या, परत झाकून ठेवा. जुन्या जागी दुसरी टोपली ठेवा म्हणजे बाकीच्यांची सोय होईल आणि अंडी रोज उचला, नाहीतर आणखी एखादी खुडूक बसेल. वजन उतरतंच, पण तुरा फिकट आहे म्हणता तर शेपटीखालची पिसं बाजूला करून उवा आहेत का बघा.

एकातही शिरा दिसल्या नाहीत तरी पाण्यात बुडवू नका, या पावसात गारठेल. जमिनीपासून उंच ठेवलेल्या जाळीच्या क्रेटमध्ये पेंढा न घालता तीन-चार दिवस ठेवा, आत दाणा-पाणी द्या. पोटाला खालून वारा लागला की उतरते.

धागाकर्ती

खूप आभार! आत्ताच बघितलं. सहा अंड्यांत शिरा आहेत, एकात तर तो ठिपका चक्क हलला. एकात लाल कडं होतं, बाकीची सात स्वच्छ, ती काढली. उवा दिसल्या नाहीत. टोपली पडवीत आणलीय, डालग्याखालून खुर्र ऐकू येतंय. सकाळी तिला उजाडल्याबरोबर सोडू, की बाकीच्या परसात पांगल्यावर?