पाकिटामागचे आयएनएस नंबर: घरात कोणासाठी कुठला टाळायचा?

सप्तपर्णी:

नमस्कार. घरात तिघांचं खाणं तीन कारणांनी सांभाळावं लागतं. मुलगी ७ वर्षांची, वजन २० किलो. दिराला दमा. सासऱ्यांना मूत्रपिंडाचा आजार, डायलिसिस अजून लागलेलं नाही. किराण्यातली पाकिटं उलटी करून घटकांच्या यादीतले आयएनएस नंबर (रंग, चव, टिकाऊपणासाठी मिसळलेल्या द्रव्यांचे, म्हणजे अ‍ॅडिटिव्हचे, आंतरराष्ट्रीय क्रमांक) उतरवलेत:

संत्रा स्क्वॅश: १०२, ११०, २११, ३००, ३३०
केचप: २११, २६०
नूडल्स, मसाल्यासकट: ४५१, ५००, ५०१, ५०८, ४१२, ६३५, १५०डी, ३३०
चीज स्लाइस: ३३१, ३३९, ४५२, २००
केकवरच्या लाल चेरी: १२७
बेदाणे सुटे घेतलेत, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी फिरतेय, तिच्यात ३३० सगळ्यात घातक म्हटलंय. तो तर जवळपास प्रत्येक पाकिटावर सापडतो. सरसकट सगळं बंद करणं जमणार नाही. कोणाचं नेमकं काय बंद करू आणि का, एवढं सांगा.

खाद्यतंत्र:

सप्तपर्णीताई, यादी दिलीत म्हणून नेमकं बोलता येतंय.

आधी ३३० ची भीती काढून टाका. ते सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात 'व्हिलझ्वीफ पत्रक' नावाचा कागद फिरायला लागला, त्यात ३३० कर्करोग करतो असं होतं. ज्या कर्करोग रुग्णालयाच्या नावावर तो खपवला गेला त्यांनी तो आपला नसल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी तो थांबला नाही. पेशीत ऊर्जा तयार होते त्या साखळीला सायट्रिक आम्ल चक्र किंवा क्रेब्ज चक्र म्हणतात आणि जर्मनमध्ये 'क्रेब्स' म्हणजे कर्करोग. घोळ या नावातून झाला असावा असं मानतात. ३३० चा खरा त्रास दातांना होतो, तोही आंबट पेय तासन्‌तास घोट घोट घेत बसलं तर.

नंबर आहे म्हणजे विष आहे असं नाही. ४१२ हा गवारीच्या बियांचा डिंक, २६० व्हिनेगरमधलं आम्ल, ४४० पेक्टिन, १०० हळदीतला पिवळा रंग, १६०बी शेंद्रीच्या बियांचा.

आता मुलीचं. हिशोबाची रीत सोपी आहे. प्रत्येक अ‍ॅडिटिव्हला 'रोज आयुष्यभर चालेल' अशी मात्रा ठरवलेली असते, दर किलो वजनामागे मिलिग्रॅममध्ये. तिला वजनाने गुणायचं. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, त्याची युरोपची मात्रा ५. म्हणजे मुलीला दिवसाला १०० मिलिग्रॅम, ६० किलोच्या मोठ्या माणसाला ३००. समजा स्क्वॅशमध्ये किलोला ६०० मिलिग्रॅम बेन्झोएट आहे. एकास तीन पाणी घातलं की २०० मिलीच्या पेल्यात साधारण ३० मिलिग्रॅम येतं. उन्हाळ्यात तीन पेले म्हणजे ९०. वर एक मोठा चमचा केचप, १५ ग्रॅम, किलोला ७५० धरलं तर आणखी ११. झाली मर्यादा पार. मोठ्यांनी तेच खाल्लं तर ते त्यांच्या मर्यादेच्या एक तृतीयांशावर असतात. एकच बाटली, पण मुलाचं आणि मोठ्याचं गणित वेगळं, ते असं. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त समितीने २०२१ मध्ये ही मात्रा २० पर्यंत वाढवली, हेही सांगायला हवं. लहान मुलांसाठी मी कडक आकडाच धरतो.

त्या स्क्वॅशबद्दल मला जास्त काळजी वाटते ती दोन कारणांनी. पहिलं, २११ आणि ३०० एकत्र. ३०० म्हणजे क जीवनसत्त्व. आंबट द्रावणात ही जोडी ऊन आणि उष्णता मिळाली की अगदी थोडं बेन्झीन तयार करू शकते, आणि बेन्झीन हे माणसात कर्करोग करणारं रसायन आहे हे पक्कं ठाऊक आहे. प्रमाण बहुधा अब्जात काही भाग एवढंच, पण ते टाळणं आपल्या हातात आहे: दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या खोक्यातली बाटली घेऊ नका, घरी खिडकीत ठेवू नका, उघडली की फ्रिजमध्ये.

दुसरं, १०२ आणि ११० या रंगांची २११ शी गाठ. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन विद्यापीठाने ३ वर्षांच्या आणि ८ ते ९ वर्षांच्या मुलांना असे रंग आणि बेन्झोएट मिसळलेलं पेय देऊन पाहिलं, निष्कर्ष २००७ मध्ये आले. काही मुलांत चळवळेपणा वाढला. परिणाम सरासरीने लहान होता, सगळ्या मुलांत सारखा नव्हता, आणि मिश्रण दिल्यामुळे दोष नेमका कोणाचा ते वेगळं काढता येत नाही. तरी युरोपीय संघात जुलै २०१० पासून १०२, १०४, ११०, १२२, १२४, १२९ असलेल्या पाकिटावर 'मुलांच्या हालचालीवर आणि लक्षावर विपरीत परिणाम होऊ शकतो' असं छापावं लागतं. आपल्याकडे अशी सूचना नाही, म्हणून नंबर वाचणं आपल्यावर येतं.

मुलीला त्याचा त्रास होतो का हे पाहायचं असेल तर तीन आठवडे सगळे रंग बंद करा, मग एक आठवडा नेहमीसारखं द्या. नोंद शाळेतल्या बाईंकडून घ्या आणि कुठला आठवडा कसला ते त्यांना आधी सांगू नका. सांगितलं की नोंद तिकडे झुकते.

१२७, एरिथ्रोसीन: याची मात्रा फक्त ०.१. मुलीला दिवसाला २ मिलिग्रॅम. किलोला ५० मिलिग्रॅम रंग धरला तर ४० ग्रॅम चेरीत ती भरते. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतली त्याची परवानगी काढून घेतली, उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत आहे. कारण होतं नर उंदरांत मोठ्या मात्रेवर दिसलेल्या थायरॉइडच्या गाठी. तसं माणसात घडत असल्याचं दिसलेलं नाही, पण तिथला कायदा प्राण्यातला पुरावाही पुरेसा मानतो. वाढदिवसाच्या केकवरची एक चेरी खाऊ द्या. डब्यात रोज लाल चेरीचा केक नको.

पथ्यपाणी:

सासऱ्यांसाठी वरच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग कोणी विचारतच नाही: ३३९, ४५१, ४५२. हे फॉस्फेट.

मूत्रपिंड मंदावलं की रक्तातलं फॉस्फरस बाहेर पडत नाही. ते वाढलं की हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचतं, अंगाला खाज सुटते. डाळी, शेंगदाण्यातलं फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेलं असतं, त्यातलं निम्मंही शोषलं जात नाही. दूध, मांसातलं साधारण ४० ते ६० टक्के. पाकिटात मिसळलेलं फॉस्फेट मात्र सुटं मीठ असतं, ते ९० टक्क्यांच्या वर शोषलं जातं. म्हणून पेशंटची डाळ बंद करून चीज स्लाइस चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, आणि घरोघरी नेमकं तेच होतं.

पोषणतक्त्यात फॉस्फरस बहुधा छापलेलं नसतं, तो तक्ता पाहून काही कळणार नाही. घटकांच्या यादीत ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ शोधा. ३३८ कोलात असतं. ४५० बेकिंग पावडर आणि तयार केक मिश्रणात. ४५१, ४५२ प्रोसेस्ड चीज, फ्रोझन नगेट, कबाब आणि गोठवलेल्या कोळंबीत. फॉस्फेट मांसात पाणी धरून ठेवतं, म्हणून घातलेलं असतं. चीज ऐवजी घरी लिंबाने फाडलेलं पनीर, तेही थोडं.

तुमच्या नूडल्सच्या ओळीत ५०८ आहे, ते पोटॅशियम क्लोराइड. त्यांचं पोटॅशियम वरच्या टोकाला असेल तर हे वाढीव भर. पण त्याहून फार मोठा धोका म्हणजे 'कमी सोडियम'चं मीठ. रक्तदाबासाठी चांगलं म्हणून कोणीतरी आणून देतं, त्यात सोडियमच्या जागी हेच ५०८ घातलेलं असतं. मूत्रपिंडाच्या पेशंटमध्ये त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. हे मीठ घरात असेल तर आजच बाजूला काढा.

फॉस्फेट बांधणारी गोळी चालू असेल तर ती जेवणाच्या घासासोबतच. रिकाम्या पोटी घेतली तर तिला बांधायला काही सापडत नाही.

नूडल्समधल्या ६३५ बद्दल, म्हणजे चव वाढवणाऱ्या द्रव्याबद्दल, एक ओळ: शरीरात त्याचं यूरिक आम्ल होतं. प्रमाण फार नसतं, पण सांधेदुखीचा गाउट असेल तर नको.

तासगाव_बेदाणा:

दिरांसाठी. यादीत जे नाही तेच त्यांना बाधणारं आहे, बेदाणे.

आमच्या सांगली-तासगावकडे द्राक्षं १०० लिटर पाण्यात २.५ किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि १.५ लिटर डिपिंग ऑइल घालून बुडवतात. त्याने सालीवरचं मेण सुटतं आणि शेडमधल्या जाळीवर माल पंधरवड्यात सुकतो. इथवर दम्याचा काही संबंध नाही. पिवळाधमक रंग यायला हवा असेल तर पुढे गंधकाची धुरी देतात. तो वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड, नंबर २२०. फळ काळं करणारं विकर तो थांबवतो. २२० ते २२८ हे सगळे सल्फाइट. दम्याच्या काही रुग्णांना खाल्ल्यावर काही मिनिटांतच छाती आवळल्यासारखी होते, शिट्टी वाजते.

पाकीटबंद मालात किलोला १० मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल तर ते अ‍ॅलर्जीच्या सूचनेत लिहिणं बंधनकारक आहे. सुट्या मालावर ते दिसत नाही. मूठभर बेदाणे बंद डबीत तासभर ठेवा, झाकण उघडून वास घ्या. काडेपेटीची काडी ओढल्यावर येतो तसा तिखट वास आला तर धुरी जास्त झाली आहे. हे काम दिरांना देऊ नका. आणि वास नाही आला म्हणजे सल्फाइट नाही असंही समजू नका, साखरेला चिकटलेलं वासाला येत नाही. कोमट पाण्यात भिजवून पाणी टाकलं तर सुटं सल्फाइट थोडं जातं, चिकटलेलं तसंच राहतं. त्यामुळे धुऊन दिले म्हणून निर्धास्त होऊ नका.

त्यांना धुरी न दिलेले काळे मनुके द्या. जर्दाळूचंही तसंच: भगवा टवटवीत तो गंधकाचा, तपकिरी तो साधा. वाइन, सुकवलेला बटाटा-कांदा, ट्रॉलरवर काळी पडू नये म्हणून २२३ लावलेली कोळंबी, इथेही तेच.

म्हापसा_बाजार:

छापील नंबरांइतकंच लक्ष बिननंबरी रंगावर द्या. गाडीवरचं भडक लाल मंच्युरियन, गुलाबी म्हातारीचे केस यात कधी कधी ऱ्होडामीन बी निघतं. तो कापड-कागदाचा रंग, खाण्यात कुठल्याच मात्रेला परवानगी नाही. तामिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हातारीच्या केसांवर बंदी घातली, मार्चमध्ये कर्नाटकाने त्यात ऱ्होडामीन आणि गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग बंद केले. आमच्या म्हापशात नगरपालिकेने त्या जानेवारीतच गोबी मंच्युरियनच्या गाड्यांना मनाई केली होती. हिरवे वाटाणे सुके घेतले तर काचेच्या पेल्यात पाणी घालून अर्धा तास ठेवा. पाण्यात हिरवा रंग वेगळा सुटला तर ते टाकून द्या.

सप्तपर्णी:

सगळ्यांचे आभार. चीज, सुटे बेदाणे आणि ते स्क्वॅश आजपासून बंद. सरबत आता घरीच करते, संत्र्याचं आणि कोकमाचं. टिकायला पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किती घालू? दुकानदार 'चिमूटभर' म्हणाला.

खाद्यतंत्र:

चिमटीवर जाऊ नका. सपाट पाव चमच्यातच ते एका ग्रॅमहून जास्त बसतं, आणि एक किलो स्क्वॅशला लागतं ०.६ ते ०.७ ग्रॅम. पण तुमच्या घरात दमा आहे, म्हणून ते आणूच नका. ते २२४ आहे, तासगावच्या दादांनी सांगितलेल्या कुळातलंच. शिवाय कोकमाचा लाल रंग ते उडवतं.

संत्र्याचा रस थोडा थोडा काढा. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर टिकवायला काहीच घालावं लागत नाही.

कोकमाला सोपी रीत म्हणजे अमृत कोकम: ताजी सालं १ किलो, साखर २ किलो, काचेच्या बरणीत थरावर थर, आठवडाभर उन्हात, रोज हलवायचं. साखर सगळी विरघळली की गाळून घ्या. ६५ टक्क्यांच्या वर साखर असेल तर बुरशीला पाणी मिळत नाही. बिघडतं ते ओल्या चमच्याने, नाहीतर गाळल्यावर पाणी घालून पातळ केल्याने. सासऱ्यांना मिठाचं आगळ देऊ नका.

बाहेर न्यायला टिकवायचंच असेल तर कोकमात बेन्झोएट, किलोला ०.७ ग्रॅम, ०.१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर मोजून. बेन्झोएट आंबटातच काम करतं. सामू (पीएच) ४.५ च्या खाली हवा, कोकमाचा असतोच. लिंबू पिळू नका, वर सांगितलेली जोडी जमते. कोरडी पूड आंबट रसात टाकली तर बेन्झोइक आम्ल सुटून पांढरे कण होतात आणि ते लवकर विरघळत नाहीत. आधी दोन चमचे कोमट पाण्यात विरघळवा, मग रस ढवळत ढवळत धार सोडा. इतकं करूनही बाटलीच्या तळाशी चमकणारे बारीक स्फटिक दिसले तर तो त्याचाच साका आहे. बाटली हलवून तो मिसळत नाही. वरचं ओतून घ्या, तळाचं बोटभर टाकून द्या, मुलीच्या पेल्यात जाऊ देऊ नका.