मदत हवी आहे: एकाकी बायकांवरचे संथ मानसशास्त्रीय सिनेमे सुचवा

गावाबाहेरचं एखादं घर, आत एक किंवा दोन बायका, बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास तुटलेला, आणि हळूहळू मनाची वीण सुटत जाते, अशा प्रकारचे सिनेमे मी शोधते आहे.

इंगमार बर्गमनचा 'पर्सोना' (1966) पाहिला आहे. त्यात बोलणं बंद केलेली अभिनेत्री आणि तिची नर्स समुद्राकाठच्या घरात राहतात. एक गप्प, दुसरी बोलतच राहते, आणि ऐकणारीचा वरचष्मा कधी झाला ते कळतही नाही. मला नेमकं हेच हवंय! रॉबर्ट ऑल्टमनचा 'इमेजेस' (1972) सुद्धा पाहिलाय. त्यातली लेखिका मुलांसाठी जी गोष्ट लिहीत असते, ती सुझाना यॉर्क या अभिनेत्रीने खरोखरच लिहिलेली होती. या भूमिकेसाठी तिला कान महोत्सवात पुरस्कारही मिळाला. 'क्वीन ऑफ अर्थ' (2015) पण झालाय.

भुताटकी, खूनखराबा किंवा शेवटी सगळा उलगडा करणारं रहस्य नको. गती कितीही संथ असली तरी चालेल, पण त्या संथपणातून बाईच्या आत काय चाललंय ते जाणवायला हवं. नुसती सुंदर शेतं आणि धुकं दाखवणारे बरेच सिनेमे अर्ध्यावर सोडलेत.

भाषा कुठलीही चालेल, सबटायटल्स असली म्हणजे झालं. स्त्री दिग्दर्शकांचे सिनेमे असतील तर आधी तेच सांगा, कारण माझ्या यादीत एकही नाही. आणि कृपया शेवट फोडू नका.