मदत हवी आहे: मीएटसला (लघवीच्या तोंडाशी) रक्त दिसतंय, डॉक्टर म्हणतात फोली (लघवीची नळी, कॅथेटर) टाका. काय करायचं?

विट्याजवळच्या एका छोट्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला सिस्टर आहे. परवा रात्री उसाची ट्रॉली उलटून पंचविशीतला एक पोरगा आला, कठडा कमरेवर पडलेला. बीपी ९०/६०, पल्स १२०. ऑक्सिजन लावला, दोन्ही हातांना जाड इंट्राकॅथ (सलाईनच्या सुया) घातल्या, क्रॉसमॅचला (रक्त जुळवायला) रक्त काढलं. तेवढ्यात ड्युटी डॉक्टर म्हणाले, "फोली टाका, लघवीचा आउटपुट बघायचाय."

पॅन्ट कापली तर लघवीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब. पुसला की परत यायचा. वृषणाची पिशवी निळी पडून सुजलेली. मी कॅथेटर ट्रेमध्ये परत ठेवला. "रक्त दिसलं तर फोली नको" एवढंच पाठ, कारण काही ऐनवेळी सांगता येईना. सगळ्यांदेखत बोलणी खाल्ली. पोरगा मात्र सारखा "मॅडम, लघवीला लागलीय" म्हणत होता, आणि मी नुसती "थांब रे दादा." शेवटी तसाच मिरजेला पाठवला.

माझं चुकलं का? आणि फोली नाही तर आउटपुट कसा धरायचा?

प्रतिसाद (निवृत्त इन्चार्ज सिस्टर, सातारा):
अजिबात चुकलं नाही. मूत्रमार्ग (युरेथ्रा) अर्धवट फाटलेला असेल तर कॅथेटरच्या टोकानं पुरता तुटू शकतो, नाहीतर भलतीच वाट पडू शकते. आधी मूत्रमार्गात डाय (एक्सरेत दिसणारं औषध) सोडून एक्सरे. तो नीट आला तर फोली, नाहीतर सर्जन ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी (सुप्राप्युबिक) घालतात. तोवर बीपी, पल्स, हातपाय गार पडतायत का, यावरच नजर. जोर करून लघवी करायला लावू नकोस. आपोआप झाली तर बाटलीत धर, वेळ लिही. ती पहिली लघवी फेकायची नाही. आणि रंग स्वच्छ दिसला म्हणून किडनी शाबूत असं धरू नकोस, कुशीत काळंनिळं आहे का ते बघ.

डॉक्टरांना "घालू का नको?" विचारत बसू नये गं. "मीएटसला रक्त, युरेथ्रा फाटल्याची शंका" असं वेळ घालून केसपेपरवर लिहायचं आणि तो कागद पुढं करायचा.

धागाकर्ती:
थँक्यू ताई. अजून एक. पेल्विसला (कमरेच्या हाडांना) चादर बांधली होती, पण बेंबीच्या जरा खाली.

प्रतिसाद (त्याच):
वर झाली. मांडीच्या हाडाचा उंचवटा बाजूला हाताला लागतो ना, त्या पातळीवर आवळायची. खिशातला मोबाईल, किल्ल्या आधी काढ. पेल्विस दाबून, हलवून मात्र कुणालाही बघू देऊ नकोस.