१२ इंची स्क्रॅपबुकची छापील पानं घरी सरळ कापायची कशी?

पानोपानी

आईच्या सत्तराव्या वाढदिवसासाठी स्क्रॅपबुक करतेय. चोवीस पानं, प्रत्येक १२ बाय १२ इंच. जुने फोटो स्कॅन केले, भोवती तिच्याच वह्यांमधल्या हस्ताक्षराचे तुकडे लावले आणि सगळं १३ बाय १९ इंचाच्या मॅट कागदावर छापून आणलं. कागद २४० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड. चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापून टाकायची जादा छपाई) आहे, कोपऱ्यांवर क्रॉप मार्क, म्हणजे कुठे कापायचं त्या खुणा आहेत. छपाई इतकी सुरेख आलीय की हात लावायला भीती वाटते.

घोडं अडलंय कापण्यावर.

तीन पानं कापली आणि थांबले. माझी पट्टी ३० सेंमीची, प्लास्टिकची. पान ३०.४८ सेंमीचं. शेवटच्या अर्ध्या सेंटीमीटरला पट्टीचा आधारच नसतो आणि पातं नेमकं तिथेच भरकटतं. म्हणून दुसरं पान ऑफिसातल्या दांड्याच्या कटरवर कापलं. सुरुवात मार्कावर, शेवट दोन मिलिमीटर आत! तिसरं पुन्हा घरी कापलं. त्यात डावी बाजू वरपासून खालपर्यंत कापल्यावर लक्षात आलं की त्या कातरणीबरोबर वरच्या आणि खालच्या बाजूचे मार्कही गेले. पुढचं सगळं अंदाजाने, आणि ते पान आता गुण्यात (काटकोनात) नाही. शिवाय कडेला कागदाचे तंतू निघालेत.

उरलेल्या एकवीस पानांची एकेकच प्रत आहे. पुन्हा छापली तर रंगाची तीच छटा येईल याची खात्री नाही. महागडं यंत्र न घेता, घरच्या टेबलावर हे नीट होऊ शकतं का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

पुठ्ठा_आणि_दोरा

होऊ शकतं. मी घरी वह्या बांधतो, आणि मोठ्या कागदासाठी अजूनही हातातलं कटर आणि पट्टी यांवरच विसंबतो.

तिसऱ्या पानाचं आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेकांचं चुकतं. कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत कापायचाच नाही. कोपऱ्याच्या ३-४ मिमी अलीकडे, म्हणजे टाकाऊ भागात, पातं टेकवायचं आणि पुढच्या कोपऱ्याच्या तेवढंच पलीकडे उचलायचं. चारी बाजूंना असंच. बाहेरची चौकट शेवटपर्यंत अखंड राहते, त्यामुळे सगळे मार्क जागेवर असतात. चौथी बाजू कापली की पान खिडकीच्या काचेसारखं अलगद सुटून येतं. रेघा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा टाकाऊ भागात असते, त्यामुळे पानाला ओरखडाही पडत नाही.

पट्टी स्टीलची घ्या, ४५ किंवा ६० सेंमीची. प्लास्टिकच्या कडेला पातं खाचा पाडतं आणि पुढची प्रत्येक रेघ त्या खाचा उचलते. पट्टी नेहमी ठेवायच्या पानावर, पातं टाकाऊ बाजूला. हात सुटलाच तर कातरण खराब होईल, आईचा फोटो नाही.

दांड्याच्या कटरचा दोष तुमच्याकडे घेऊ नका. ते पातं कात्रीसारखं एका टोकाकडून चावत जातं आणि जाता जाता कागद सरकवतं. कागद घट्ट दाबून धरणारी पट्टी नसेल तर जाड कागद फिरतोच.

आता तंतूंचं. ते बोथट पात्यामुळे किंवा एकाच दमात कापायला गेल्यामुळे निघतात. २४० जीएसएमला तीन हात द्या. पहिला फक्त वाट आखण्यापुरता, जवळजवळ वजन न देता. दुसऱ्यात कागद कापला जातो, तिसऱ्यात राहिलेले धागे. पातं आडवं धरा, टोक उभं रोवू नका. आणि ते मोडायला कचरू नका. तुकडे पाडता येणारं हे पातं १९५६ साली जपानमध्ये ज्याने काढलं, तो ओल्फा या कटर बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक छापखान्यात कागदच कापत असे. टोक बोथट झालं की तेवढंच मोडून नवं टोक मिळावं, एवढीच त्याची गरज होती. मी तीन-चार पानांमागे एक तुकडा मोडतो. पकडीने मोडा, आणि तुकडे झाकणाच्या डबीत टाका.

रेघोटी

वरच्या सगळ्याला माझा दुजोरा, त्यात हाताचं थोडं. बसून कापू नका, उभ्याने कापा. कटर मनगटाने नाही, खांद्यापासून स्वतःकडे ओढा. डाव्या हाताची बोटं पट्टीवर पसरून ठेवा आणि पातं पुढे येईल तशी तीही खाली आणा. एकाच ठिकाणी दाबलं की पट्टीचं दुसरं टोक सरकतं. पट्टीच्या पाठीला मास्किंग टेपचे दोन-तीन तुकडे लावले की घसरण बरीच कमी होते. बाजू बदलताना आपण फिरायचं नाही, खालच्या कटिंग मॅटसकट कागद फिरवायचा.

आणि कापण्याआधी दोन मार्कांमधलं अंतर मोजा. छापताना ‘पानावर बसवा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर मांडणी थोडी आक्रसलेली असते.

गोलपातं

मी चाकाचं कटर वापरते, कड फार स्वच्छ येते. त्याने नाही का चालणार?

पुठ्ठा_आणि_दोरा

@गोलपातं, आरपार कापायचं असेल तर उत्तम. पण चाक गोल असल्यामुळे ते नेमकं कुठे टेकलं आणि कुठे सुटलं हे दिसत नाही. इथे कोपऱ्याजवळ थांबायचंय, म्हणून टोकाचं पातं बरं.

पानोपानी

मनापासून आभार. मोजलं, अंतर ३०५ मिमीला अगदी किंचित कमी आहे, म्हणजे छपाई बरोबर. दोन शंका राहिल्या. काही पानांची पार्श्वभूमी गडद निळी आहे, कापल्यावर कडेला कागदाचा पांढरा गाभा दिसतो. आणि त्या बिघडलेल्या तीन पानांचं काय करू? एकावर आईचा कॉलेजातला एकमेव फोटो आहे.

रेघोटी

पांढऱ्या कडेला त्याच रंगाची पेन्सिल आडवी धरून, पानाच्या मागच्या बाजूने फिरवा. स्केचपेन नको, मॅट कागद शाई शोषतो आणि ती पुढे पसरते. आधी एखाद्या कातरणीवर करून बघा.

कमी पडलेली बाजू शिवणीकडे घ्या. स्क्रू किंवा दोऱ्याने बांधणार असाल तर ते दोन मिमी बिजागरीत लपतात. जे पान गुण्यात नाही ते सगळ्या बाजूंनी थोडं लहान, पण नीट काटकोनात कापा आणि १२ इंची साध्या जाड कागदावर मधोमध चिकटवा. भोवती मुद्दाम सोडल्यासारखी चौकट दिसेल. कॉलेजच्या फोटोला ती शोभेलही.

पुठ्ठा_आणि_दोरा

काटकोन तपासायला दोन्ही कर्ण मोजा. १२ इंची चौरसाचा कर्ण ४३१ मिमी येतो. दोन्ही सारखे भरले तर पान गुण्यात.

पानोपानी

दोन संध्याकाळी घेतल्या. ६० सेंमीची पट्टी, नवं पातं, आणि पहिली चार पानं कापण्याआधी त्याच कागदाच्या कातरणींवर सराव. एकवीसच्या एकवीस पानं झाली. कर्ण सगळीकडे ४३१, एका पानात ४३०.५ आणि ४३१. पहिलं पान चौकटीतून सुटून हातात आलं तेव्हा मी नुसती बघत राहिले. तंतू एकाही कडेला नाहीत.

कॉलेजचा फोटो करड्या कागदावर चिकटवलाय. आज रात्री तो वजनाखाली आहे, उद्या बांधायला घेते.