कोपऱ्यात वॉलपेपरचा कागद दुमडू नका (जुन्या घरांसाठी)

वॉलपेपर लावताना कुणी कुणी सुचवतं, कोपऱ्यात कागदाचा अख्खा पट्टा दुमडून पुढच्या भिंतीवर घ्यायचा. नव्या फ्लॅटमध्ये निभावेलही, पण धुळ्या-अमळनेरकडच्या जुन्या घरांत नाही. तिथला कोपरा सरळ असल्याची हमी गवंडीसुद्धा देणार नाही.

शेवटच्या पट्ट्यापासून कोपऱ्यापर्यंतचं अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. सगळ्यात मोठ्या मापात दीड-दोन सेंटीमीटर मिळवून पट्टा उभा कापा. तेवढीच कड पलीकडे वळू द्या. उरलेला तुकडा दुसऱ्या भिंतीवर ओळंबा सोडून, नवी रेघ मारून लावा. तो आधीच्या कडेवर थोडा चढेल, कोपऱ्यात दिसत नाही. कागद व्हिनाइलचा असेल तर चढलेल्या जागी साधी खळ धरत नाही, त्यासाठी वेगळा गोंद मिळतो.

स्विचबोर्डापाशी आधी मेन स्विच बंद! कागद बोर्डावरूनच खाली सोडा, मधून कोपऱ्यांकडे फुलीसारखा काप द्या, पाकळ्या छाटून चार-पाच मिलिमीटर ठेवा आणि प्लेट ढिली करून कड आत सरकवा. चमकीचा धातूचा कागद मात्र प्लेटमागे अजिबात घालू नका, त्यातून वीज वाहते.

कोनाड्यात आतून रंगच बरा, असं आपलं माझं मत. कमानीला कागद वळवायचाच तर कडेला कात्रीने जवळजवळ काप द्या, नाहीतर चुण्या पडतात.

आणि हो, भिंतीवर हात फिरवून चुना हाताला लागला, तर खरवडून प्रायमर मारल्याशिवाय काहीच चिकटणार नाही. मे महिन्यात तर कूलर-पंखा बंद ठेवून सकाळीच उरका.