घरी सिनेमा बघताना मागे नेऊन तपासता का? ('द फादर' बघून पडलेला प्रश्न)

अर्धी_रात्र

परवा घरी 'द फादर' बघितला. २०२० चा, अँथनी हॉपकिन्सचा. त्याला ऑस्कर मिळालं तेव्हापासून यादीत होता, पण 'म्हातारपण, विसरणं, म्हणजे रडारड' असं धरून मी टाळत होते. रडवतो हे खरंच, त्याबद्दल तक्रार नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. (पुढे स्पॉयलर आहेत. बघायचा असेल तर इथेच थांबा.)

जवळजवळ सगळा सिनेमा घरातच घडतो. अँथनी नावाचे ऐंशी पार केलेले गृहस्थ आणि त्यांची मुलगी अ‍ॅन. सुरुवात अगदी सरळ. मग एकदा बैठकीत एक अनोळखी माणूस पेपर वाचत बसलेला दिसतो आणि म्हणतो, मी अ‍ॅनचा नवरा, हे घर माझं. थोड्या वेळाने अ‍ॅन येते, तर ती वेगळीच बाई! आधी ऑलिव्हिया कोलमन होती, आता ऑलिव्हिया विल्यम्स. दोघी ऑलिव्हियाच, तेवढाच गोंधळ बाकी होता.

आणि हे चालू असताना मागचं घरही गुपचूप बदलत असतं. खोल्यांची मांडणी तीच, पण सामान बदलतं, रंग बदलतात. हे आमच्याकडे सगळ्यात आधी आईच्या लक्षात आलं. "थांब थांब, मगाशी स्वयंपाकघर असं नव्हतं." झालं! भावाने रिमोट उचलला, मागे नेलं, चित्र थांबवलं, पुढे आणलं, पुन्हा थांबवलं. आईचं बरोबर होतं. मग आम्ही तिघं हवालदार झालो. शेकोटीच्या वरचं चित्र आता आहे की गेलं? जेवणाच्या टेबलावरचं हे बोलणं मगाशी ऐकलंय ना? मग हा प्रसंग आधीचा की नंतरचा? दीड तासाच्या सिनेमाला आम्ही बराच जास्त वेळ घेतला, पण सगळा गुंता सोडवला.

आणि तिथेच घोळ झाला. शेवटच्या प्रसंगात हॉपकिन्स लहान पोरासारखा आईला हाका मारत रडतो. गेल्या कित्येक वर्षांत मी पडद्यावर इतकं उघडं रडणं पाहिलेलं नाही. आणि त्याच क्षणी भाऊ विजयी आवाजात म्हणतो, "म्हणजे अ‍ॅन पॅरिसला आधीच निघून गेलेली!"

माझं म्हणणं असं की दिग्दर्शक फ्लोरियन झेलरने आपल्याला मुद्दाम त्या माणसाच्या डोक्यात बसवलं आहे. त्याला मागे जाऊन तपासता येत नाही, म्हणून तो आधी संशय घेतो, मग चिडतो, मग घाबरतो. आपल्या हातात रिमोट आला की आपली भीती संपते आणि कोडं सुरू होतं. मूळ नाटकच आहे ते, झेलरचंच. नाटकाला बसलेला प्रेक्षक काय मागे नेणार?

तर विचारायचं हे की तुम्ही मागे नेता का? नेल्यावर कुठला सिनेमा बिघडला, कुठला सुधारला? अलीकडे घरी बघितलेल्यांबद्दलच सांगा.

रिमोटधारी

मी तुमच्या भावाच्या पक्षात. नावावरून कळलंच असेल.

घरी बघण्याचा फायदाच तो. थिएटरात 'काय म्हणाला?' म्हणून शेजारच्याला विचारावं लागतं आणि तोवर पुढची दोन वाक्यं जातात. 'द फादर'मध्येच तो डॉक्टरांना आपली जन्मतारीख सांगतो, ३१ डिसेंबर १९३७. मी थांबवून शोधलं, तर ती खुद्द हॉपकिन्सचीच जन्मतारीख निघाली. पात्राचं नावही अँथनी. हे कळल्यावर पुढचा सिनेमा मला जास्त बोचला, कमी नाही. समोर एक नट म्हाताऱ्याचं काम करत नव्हता, स्वतःच्याच भविष्याची तालीम करत होता असं वाटलं.

भावाने शेवटी तोंड बंद ठेवायला हवं होतं एवढं मान्य.

जुनी_खुर्ची

अर्धी_रात्र, प्रश्न आवडला. याच विषयावरचा आपला 'अस्तु' बघितला आहेस का? सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. नसेल तर आईबरोबर बघ, मात्र भावाला आधीच ताकीद दे.

त्यात डॉ. मोहन आगाशे संस्कृतचे पंडित आहेत. आयुष्यभर पाठांतरावर जगलेला माणूस आणि आता स्मरण जातंय. मुलगी त्यांना गाडीत बसवून थोड्या वेळासाठी दुकानात जाते. रस्त्याने हत्ती जातो. हे लहान मुलाच्या उत्साहाने गाडीतून उतरतात आणि हत्तीच्या मागे चालायला लागतात. बस्स, एवढीच गोष्ट. पुढे एकीकडे मुलीची शोधाशोध आणि दुसरीकडे माहुताच्या पालावर पोचलेले शास्त्रीबुवा.

आता तुझ्या मुद्द्याकडे येते. 'द फादर' आपल्याला रुग्णाच्या आत ठेवतो, 'अस्तु' बाहेर ठेवतो. ते कुठे आहेत हे आपल्याला सतत माहीत असतं, मुलीला नसतं. त्यामुळे तिथे मागे नेऊन तपासण्यासारखं काही नाहीच. मी तो तुकड्यातुकड्यांत बघितला, मध्ये फोन घेतले, दार उघडलं, तरी धागा सुटला नाही. माहुताची बायको चन्नम्मा म्हणजे अमृता सुभाष. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तिला या कामाचा. हा कोण, कुठला, काही न विचारता ती त्यांचं सगळं करते. ते तिला आई म्हणायला लागतात आणि तीही ते सहज घेते, आश्चर्य नाही की भाबडेपणा नाही. हातात काम चालूच. घरच्यांना जे जमत नाही ते हिला जमतं, कारण हिने त्यांना आधी पाहिलेलंच नाही. ते किती मोठे विद्वान होते याचं हिला दुःखच नाही. हे मला 'द फादर'मध्ये मिळालं नाही. तिथे अ‍ॅनचं दुःख आहे, पण अशी मोकळी माया नाही.

दोन्ही सिनेमांत म्हातारा माणूस 'आई'पाशीच पोचतो, हे तुझं वाचताना आता लक्षात आलं.

पाटीपर्यंत

मागे नेण्याचं सोडा हो, पुढे पळण्याचं काय? मी नावं संपेपर्यंत बसणारा माणूस आहे आणि ही अ‍ॅप्स मला बसू देत नाहीत. शेवटचं दृश्य काळं झालं की पडदा आकसून कोपऱ्यात जातो आणि दुसऱ्याच कसल्या तरी सिनेमाची जाहिरात वाजायला लागते.

नुकताच 'परफेक्ट डेज' बघितला, विम वेंडर्सचा. टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा हिरायामा. हिरायामा झालेल्या कोजी याकुशोला २०२३ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते यासाठीच. फार बोलत नाही तो. कॅसेट लावतो, काम करतो, दुपारी झाडांकडे बघून एक फोटो काढतो, रात्री पुस्तक वाचत झोपतो. तर सिनेमाभर झाडांच्या पानांतून येणाऱ्या उन्हाचा जो खेळ चाललेला असतो, त्याबद्दलचा छोटा मजकूर अगदी शेवटी, सगळी नावं संपल्यावर येतो. घरच्या बाकी लोकांनी तो बघितलाच नाही. मी पळत जाऊन रिमोट घेतला म्हणून मला दिसला.

त्याहून कहर 'कोर्ट'चा. चैतन्य ताम्हाणेचा, २०१४ चा. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, कर्मचारी एकेक दिवा बंद करतात, दार लावतात, पडदा काळा. माझ्या मेव्हण्याने तिथेच टीव्ही बंद केला आणि "छान होता, पण एकदम संपला" असं मत देऊन झोपायला गेला. अहो, त्यानंतर न्यायाधीश सहलीला जातात तो अख्खा भाग आहे! तो नसेल तर सिनेमाच वेगळा होतो. दिग्दर्शकाने काळोख मुद्दाम लांबवला आहे, कारण थिएटरात माणूस लगेच उठत नाही. घरी उठतो.

तारजोडणी

थोडं यंत्राबद्दल, कारण मागे नेण्याची निम्मी कारणं तीच असतात.

"काय म्हणाला?" असं सारखं होत असेल तर दरवेळी दोष कानांचा किंवा नटाचा नसतो. बऱ्याच सिनेमांचा आवाज सहा वाटांनी येतो आणि संवाद मुख्यतः मधल्या वाटेत असतात. टीव्हीला मधला स्पीकरच नसतो. दोन बारके स्पीकर, तेही बहुतेक खाली किंवा मागे तोंड करून. सगळं त्यातच कोंबलं की कुजबुज बुडते आणि गाडी फुटल्याचा आवाज शेजारी जातो. ऑडिओच्या यादीत ५.१ (म्हणजे त्या सहा वाटा) ऐवजी स्टिरिओ (दोनच वाटा) निवडून बघा. टीव्हीत रात्रीचा मोड किंवा संवाद स्पष्ट करणारा पर्याय असेल तर तो लावा. फरक पडतो.

दुसरं म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतःच्या मनाने बनवून भरतो आणि सगळं दुपारच्या मालिकेसारखं दिसायला लागतं. सेटिंगचं नाव कंपनीगणिक वेगळं, पण त्यात 'मोशन' हा शब्द बहुधा असतो. नव्या टीव्हींत 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं.

सिनेमाबद्दल मत विचाराल तर मी सध्या फक्त मारामारीचे बघतो. तिथे मागे नेणं हा गुन्हा नाही.

अर्धी_रात्र

तारजोडणी, स्टिरिओचा उपाय लगेच केला. आईला कुजबुज ऐकू आली, आता ती आवाज कमी करायला सांगतेय.

जुनी_खुर्ची ताई, आत आणि बाहेर हा फरक एकदम पटला. त्यावरून आठवलं, मागच्या महिन्यात '१२ अँग्री मेन' परत बघितला. १९५७ चा, सिडनी ल्युमेटचा पहिला सिनेमा. एक खोली, आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवायला बसलेले बारा ज्यूरी, अकरा विरुद्ध एक. आधी बघितला तेव्हा फक्त वाद ऐकला होता. यावेळी कॅमेऱ्याकडे लक्ष दिलं. सुरुवातीला तो लोकांच्या डोक्यांच्या वरून बघतो. हळूहळू डोळ्यांच्या रेषेत येतो आणि शेवटी खाली जातो, इतका की छत दिसायला लागतं. भिंगंही बदलत नेली आहेत, त्यामुळे भिंती माणसांच्या जवळ आल्यासारख्या वाटतात. खोली तीच, पण शेवटच्या अर्ध्या तासात मलाच गुदमरायला झालं.

आता हे थांबवून, चहाबिहा पिऊन, उद्या उरलेलं असं बघितलं तर काय जाणवणार? छत एकदम दिसेल, खाली आलेलं जाणवणार नाही. म्हणून रिमोटधारी, माझा राग मागे नेण्यावर नाही, पहिल्या खेपेला मागे नेण्यावर आहे. जन्मतारखेचा शोध दुसऱ्यांदा बघताना लागला असता तरी तितकाच बोचला असता.

आणि पाटीपर्यंत, तुमच्या मेव्हण्यांना 'कोर्ट'चा शेवट सांगितलात की नाही अजून?

पाटीपर्यंत

नाही. तो आता लोकांना 'कोर्ट' सुचवत फिरतोय, एकदम संपतो म्हणून. मी मजा बघतोय.

दोन_हप्ते

माझं जरा उलटं. नोकरी, पोरं, सगळं आवरून बसते तेव्हा डोळे मिटत असतात, त्यामुळे मी सगळं दोन बैठकांतच बघते. 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' असाच बघितला. पायल कपाडियाचा, २०२४ साली कानमध्ये ग्रां प्री (तिथलं दुसऱ्या क्रमांकाचं पारितोषिक) मिळालेला. पहिला भाग मुंबईचा, पाऊस, लोकल, रुग्णालयातल्या नर्सा, परदेशातल्या नवऱ्याकडून आल्यासारखा वाटणारा तो राइस कुकर. मग छाया कदमचं पात्र मुंबई सोडून रत्नागिरीकडे गावी जातं आणि सिनेमाही तिच्याबरोबर जातो. मी नेमकी तिथेच झोपले. दुसऱ्या दिवशी समुद्रापासून सुरू केला, तर ताजं डोकं आणि उजेड दोन्ही एकदम मिळालं. एका बैठकीत बघितलेली मैत्रीण म्हणते दुसरा भाग रेंगाळतो. मला अजिबात तसं वाटलं नाही.

त्यामुळे '१२ अँग्री मेन'चं मान्य, पण सगळ्यांना एकच नियम नको.

रिमोटधारी

पहिल्या खेपेला नाही, दुसऱ्या खेपेला हवं तेवढं. चालेल, एवढी तडजोड करतो. फक्त एक अडचण आहे. 'द फादर' दुसऱ्यांदा बघायला माझ्या घरी कुणी तयार नाही.

अर्धी_रात्र

आमच्याकडे भाऊ तयार आहे, आई नाही. तिने 'अस्तु' मागितलाय, हत्ती आहे कळल्यापासून. जुनी_खुर्ची ताई, सध्या तो कुठल्या अ‍ॅपवर दिसतो? आणि चन्नम्माच्या कानडीला सबटायटल आहेत का? आईला खाली वाचत बसायचा कंटाळा आहे, पण कानडी तिला मुळीच येत नाही.

जुनी_खुर्ची

माझी प्रत वेगळ्या वाटेने आलेली, त्यामुळे अ‍ॅपचं कुणीतरी दुसऱ्याने सांगा. सबटायटल होती. पण आईला म्हणावं, चन्नम्माच्या वेळी नाही वाचलंस तरी चालेल, ती काय म्हणतेय ते कळतं.