ट्रम्प यांचं भाषण, काळ्या पाट्या आणि स्लॉटकिन यांची दहा मिनिटं

नदीकाठ

4 मार्च 2025 च्या रात्री ट्रम्प काँग्रेसच्या संयुक्त अधिवेशनापुढे शंभर मिनिटांच्या आसपास बोलले. तिथे एवढं लांब भाषण तोवर कुठल्याच राष्ट्राध्यक्षाने केलं नव्हतं. 2000 सालचा क्लिंटन यांचा विक्रम मोडला. त्यानंतर डेमोक्रॅटिक पक्षातर्फे आमच्या मिशिगनच्या सेनेटर एलिसा स्लॉटकिन यांनी दहा मिनिटांत उत्तर दिलं. आज चार दिवस झाले, ओळखीत कुणी त्या दहा मिनिटांबद्दल चकार शब्द काढत नाही. सगळे बोलतायत ते भाषणात उभे राहून ओरडलेले डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन यांच्या काठीबद्दल आणि डेमोक्रॅट्सनी धरलेल्या, 'खोटं' लिहिलेल्या काळ्या गोल पाट्यांबद्दल. मला याचा राग आलाय. तो राग माझ्याच बाजूच्या लोकांवर आहे, म्हणून हा धागा.

आम्ही डेट्रॉईटच्या दक्षिणेला राहतो. स्लॉटकिन बोलल्या ते वायनडॉट आमच्यापासून वीस मिनिटांवर. त्यांनी ते गाव उगाच निवडलं नाही. गेल्या नोव्हेंबरात तिथे ट्रम्पही जिंकले आणि त्याही जिंकल्या, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं. म्हणजे एकाच मतपत्रिकेवर वर ट्रम्प आणि खाली स्लॉटकिन अशी खूण करणारी माणसं तिथे आहेत. मी अशी तीन घरं ओळखते. त्यातलं एक आमच्या भिंतीला भिंत लागून आहे.

माझा नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात क्वालिटी बघतो. भाषणाच्या दिवशीच कॅनडा आणि मेक्सिकोवर 25 टक्के आयात कर लागू झाला होता. थोडी गडबड होईल, पण आमची त्याला तयारी आहे, अशा अर्थाचं ट्रम्प बोलले, तेव्हा नवऱ्याने टेबलावरचं लाइटबिलाचं पाकीट उलटं केलं आणि पेनने काढून दाखवलं: त्यांचा एक भाग कॅनडातल्या ओंटारिओत ओततात, पूल ओलांडून इकडे येतो, मशीनवर चढतो, जोडणीला पुन्हा कॅनडात विंडसरला जातो आणि जोडून परत येतो. अमेरिकेत दोनदा शिरतो, म्हणजे दोनदा कर. शिवाय कॅनडाने उलट लावलेला वेगळाच. दोन दिवसांत सरकारने महिनाभराची सवलत दिली ते खरं, पण त्या रात्री ते पाकीट बघून माझ्या पोटात गोळा आला.

हेच स्लॉटकिन यांनी साध्या शब्दांत सांगितलं. आयात कराने महागाई वाढेल, त्याची झळ तुम्हाला बसेल. एलॉन मस्क यांच्या हाताखालची तरुण पोरं सरकारी यंत्रणेत शिरून तुमची माहिती चाळतायत. सीमा सुरक्षित हवीच, पण कायदे दुरुस्त न करता हा प्रश्न सुटणार नाही. इराकमध्ये तीनदा राहून आलेली, बुश आणि ओबामा दोघांच्या हाताखाली काम केलेली बाई शांतपणे हे बोलत होती. आणि त्याआधी दीड तास तिच्याच पक्षाचे लोक हातात पाट्या धरून बसले होते. शेजारच्या घराने दीड तास तेच बघितलं आणि टीव्ही बंद केला. दहा मिनिटं ऐकायला कुणी उरलंच नाही.

माझं म्हणणं एवढंच: सभागृहात एक तर यायचं नाही, किंवा आलात तर गप्प बसायचं. बोलायला तुम्ही माणूस नेमलंय ना? मग तिला बोलू द्या.

ह्यूस्टनचा दादा

ताई, तुमच्या नवऱ्याचं पाकीट मला पटलं, निष्कर्ष अजिबात पटला नाही.

अल ग्रीन आमचे खासदार आहेत. ते उभे राहून काय ओरडले हे तुम्ही लिहिलंच नाहीत. मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना, कापायचा कौल तुम्हाला जनतेने दिलेला नाही, असं ते म्हणाले. हे हवेतलं नव्हतं. आठवडाभर आधी, 25 फेब्रुवारीला, हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, 217 विरुद्ध 215 मतांनी अंदाजपत्रकाचा ठराव मंजूर केला. मेडिकेड ज्या समितीकडे आहे, तिला त्यात दहा वर्षांत 880 अब्ज डॉलर वाचवायला सांगितलंय. मेडिकेडला हात न लावता एवढी रक्कम त्या समितीने आणायची कुठून?

माझी बायको नर्सिंग होममध्ये नर्स आहे. या देशात नर्सिंग होममधल्या दहातल्या साधारण सहा लोकांचा खर्च मेडिकेड उचलतं. तिच्या मजल्यावर एक निवृत्त शाळामास्तर आहेत. आयुष्यभराची पुंजी तीन वर्षांत तिथल्या बिलांत संपली, तेव्हा कुठे मेडिकेड लागू झालं. तिने घरी येऊन ग्रीन यांचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाली, "निदान कुणीतरी तोंडावर बोललं."

सत्याहत्तर वर्षांचा माणूस काठी टेकत उभा राहतो, सभापती माइक जॉन्सन त्याला बाहेर काढतात, आणि तुम्ही म्हणता गप्प बसायला हवं होतं? दहा मिनिटांचं उत्तर कुणी ऐकत नाही हे तुम्हीच लिहिलंय. मग जिथे साडेतीन कोटींहून जास्त लोक बघत होते तिथेच बोलायला हवं.

संयमी

मी नोव्हेंबरात ट्रम्पना मत दिलं. इथे बहुतेकांना आवडणार नाही, पण आमच्यासारख्यांना त्या रात्री काय दिसलं ते ऐकून घ्या.

मेंदूच्या कर्करोगाशी झुंजणारा तेरा वर्षांचा मुलगा गॅलरीत वडिलांसोबत होता. पोलीस व्हायचं त्याचं स्वप्न. राष्ट्राध्यक्षांनी त्याला सीक्रेट सर्व्हिसचा मानद एजंट केलं आणि त्याच्या हातात ओळखपत्र आलं. वडिलांनी पोराला उचलून धरलं. मी घरात एकटाच होतो, डोळे पुसले. कॅमेरा फिरला, तर डेमोक्रॅट्सच्या रांगाच्या रांगा बसलेल्या. त्या मुलासाठी उभं राहिल्याने कुठला कर वाढणार होता?

धोरणावर कितीही भांडा. आयात करावर माझ्याही मनात शंका आहेत. माझ्या भावाची ट्रकची कंपनी आहे, त्यामुळे ताईंच्या नवऱ्याचं गणित मला कळतं. पण एका आजारी मुलासाठी ज्यांना दहा सेकंद उठता येत नाही, त्यांचं पुढचं भाषण मी ऐकावं अशी अपेक्षा का ठेवता? मी नाही ऐकलं. आता या धाग्यामुळे ऐकलं. बाई नीट बोलल्या. ओव्हल ऑफिसमध्ये झेलेन्स्कींशी झालेल्या खडाजंगीवर त्यांनी रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या रेगन यांची आठवण काढली, ती माझ्यासारख्या जुन्या रिपब्लिकनला टोचली.

आकडेमोड

'जनतेची प्रतिक्रिया' म्हणून जे आकडे फिरतायत त्याबद्दल थोडं. सीबीएस वाहिनीच्या पाहणीत भाषण बघणाऱ्यांपैकी 76 टक्के लोकांना ते आवडलं. व्हाइट हाउसच्या बाजूचे लोक हा आकडा मिरवतायत. पण बघणारे कोण होते? त्याच पाहणीत 51 टक्के रिपब्लिकन, 27 टक्के अपक्ष विचाराचे आणि 20 टक्के डेमोक्रॅट. ज्याला ट्रम्प नकोत तो शंभर मिनिटं कशाला बसेल? बायडन बोलायचे तेव्हा पारडं दुसरीकडे झुकायचं. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या नीलसनचा आकडाही बघा: या वेळी 3 कोटी 66 लाख, 1993 मध्ये क्लिंटन यांच्या पहिल्या भाषणाला 6 कोटी 69 लाख. देशाची लोकसंख्या वाढली, प्रेक्षक निम्म्याच्या जवळ आले.

आणि एका भाषणाने लोकप्रियता हलते, हा समजही फारसा टिकत नाही. ठळक अपवाद 1998 चा. लेविन्स्की प्रकरण ऐन भरात असताना क्लिंटन उभे राहिले, आणि गॅलप या पाहणी संस्थेच्या मोजणीत 59 वरून 69 टक्क्यांवर गेले. एरवी आठवड्याभरात सगळं होतं तिथेच येतं.

तेव्हा दादा, तुमचे साडेतीन कोटी निम्म्याहून जास्त आधीच ट्रम्पकडचे होते. ग्रीन त्यांच्यापुढे ओरडले.

ह्यूस्टनचा दादा

मग काय, ज्यांना पटलेलंच आहे त्यांच्यापुढेच बोलायचं का? समोरच्याच्या कानावर जाणं हाच तर हेतू होता.

आणि नियम सगळ्यांना सारखा लावा. सप्टेंबर 2009 मध्ये ओबामा याच सभागृहात आरोग्य विम्यावर बोलत होते, तेव्हा रिपब्लिकन खासदार जो विल्सन "तुम्ही खोटं बोलताय" असं ओरडले. त्यांना बाहेर काढलं नाही. 2023 मध्ये रिपब्लिकन खासदार मार्जरी टेलर ग्रीन बायडनना "खोटारडा" म्हणाल्या. त्यांनाही कुणी हात लावला नाही. आमच्या अल ग्रीनना मात्र बाहेरही काढलं आणि 6 मार्चला हाउसने 224 विरुद्ध 198 मतांनी त्यांचा निषेधही केला. त्यात दहा मतं डेमोक्रॅट्सची! त्या दहा जणांना मी माफ करणार नाही.

संयमी

विल्सन यांनी त्याच रात्री व्हाइट हाउसला फोन करून माफी मागितली होती. तरीही आठवड्याभरात हाउसने 240 विरुद्ध 179 मतांनी त्यांच्याविरुद्ध ठराव केला. ते एकदा ओरडले आणि बसले. ग्रीनना सभापतींनी ताकीद दिली, खाली बसायला सांगितलं, ते बसले नाहीत. फरक आहे.

मार्जरी टेलर ग्रीन यांच्याबाबत तुमचं बरोबर आहे. तेव्हाही मला लाज वाटली होती.

जुनी_कात्रणं

दोन्ही बाजूंनी सभागृहावरच भांडण चाललंय. खरी अडचण त्या उत्तराच्या साच्यातच आहे, ती कुणी बघत नाही.

1966 मध्ये लिंडन जॉन्सन यांच्या भाषणाला सेनेटर डर्कसन आणि तेव्हा हाउसमध्ये असलेले जेराल्ड फोर्ड यांनी टीव्हीवरून उत्तर दिलं, तिथून ही प्रथा सुरू झाली. तेव्हापासून बघा. राष्ट्राध्यक्षाला मिळतं भरलेलं सभागृह, टाळ्या, गॅलरीतले पाहुणे. उत्तर देणाऱ्याला बहुतेक वेळा मिळते रिकामी खोली आणि एक कॅमेरा. 2009 मध्ये बॉबी जिंदाल यांच्याकडे पक्ष उद्याचा नेता म्हणून बघत होता, एका रात्रीत त्यांची हवा गेली. 2013 मध्ये मार्को रुबिओ काय बोलले ते कुणाला आठवत नाही, मध्येच वाकून पाण्याची बाटली उचलली ते सगळ्यांना आठवतं. 2024 मध्ये केटी ब्रिट स्वयंपाकघरातून बोलल्या. बायडन यांच्या सीमाधोरणाचा दाखला म्हणून त्यांनी सांगितलेली अत्याचाराची गोष्ट मुळात बुश यांच्या काळातली आणि मेक्सिकोतली निघाली.

यांतले सगळेच वाईट वक्ते होते असं नाही. त्या खोलीत कुणालाही बसवलं तरी ते राष्ट्राध्यक्षापुढे लहानच दिसणार. आणि उत्तर आधीच लिहिलेलं असतं. समोरच्याचं भाषण संपल्यावर काही मिनिटांत द्यायचं, तर दुसरा इलाजही नसतो.

1985 मध्ये डेमोक्रॅट्सनी एक वेगळा प्रयोग केला होता. अर्कान्सॉचे तरुण गव्हर्नर बिल क्लिंटन सूत्रधार आणि सामान्य मतदारांशी गप्पा, असा आधी चित्रित केलेला कार्यक्रम. पुढे तो मार्ग सोडून दिला. माझ्या मते तोच धरायला हवा होता. ताईंच्या नवऱ्याने ते पाकीट कॅमेऱ्यापुढे धरलं असतं, दादांच्या पत्नीने त्या मास्तरांबद्दल सांगितलं असतं, तर दहा मिनिटं पुरेशी होती.

पश्चिमवारा

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: याच भाषणात ट्रम्प यांनी भारताचंही नाव घेतलं. भारत गाड्यांवर शंभर टक्क्यांहून जास्त कर लावतो, आणि 2 एप्रिलपासून जशास तसे कर लागतील, असं म्हणाले. इकडच्या चर्चेत पाट्याच आहेत, हा मुद्दा कुठेच नाही.

नदीकाठ

दादा, वहिनींचं वाक्य वाचून मी थांबले. "निदान कुणीतरी तोंडावर बोललं." याला माझ्याकडे उत्तर नाही. ग्रीन यांच्या बाबतीत मी एक पाऊल मागे घेते. त्यांनी एक वाक्य म्हटलं, त्याची किंमत मोजायची तयारी ठेवली, आणि बाहेर पत्रकारांनाही तेच सांगितलं. त्यांना आणि पाट्यावाल्यांना मी एकाच दावणीला बांधायला नको होतं.

पाट्यांबद्दल मात्र माझं मत तसूभरही हललं नाही. बसल्या जागी हात वर करायचा, कुणी हटकलं की खाली घ्यायचा, त्यात ना निषेधाची जोखीम, ना शांततेची अदब. आणि संयमी, त्या मुलाच्या वेळी मी माझ्या सोफ्यावर टाळ्या वाजवत होते. सभागृहातले उठले असते तर माझी मान वर राहिली असती.

कात्रणं, तुमच्या 1985 च्या प्रयोगाबद्दल ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना शेजारीण भेटली, तेव्हा मी तिला ते पाकीटच नेऊन दाखवलं. तीही गाड्यांच्या कारखान्यातच आहे. पाच मिनिटं बघत राहिली, मग विचारलं, "हे त्या रात्री कुणी का नाही सांगितलं?" सांगितलं होतं, म्हटलं, रात्री अकरानंतर. स्लॉटकिन यांचा व्हिडिओ मी तिला पाठवलाय. बघेल की नाही, माहीत नाही.

ह्यूस्टनचा दादा

ताई, पाट्यांबद्दल मान्य. ग्रीनच्या हातात पाटी नव्हती, एवढंच लक्षात ठेवा.

शेजारणीने व्हिडिओ बघितला तर इथे लिहा. माझ्या बायकोलाही जाणून घ्यायचंय.